हंगामानंतरच्या रोबो स्पर्धा: नियम कोणी ठरवावेत?

विद्यार्थ्यांच्या रोबो स्पर्धांना ठरलेला हंगाम असतो. मुख्य संस्था दरवर्षी नवा खेळ आणि नियमपुस्तिका जाहीर करते, संघ काही महिने राबून यंत्र उभे करतात आणि अंतिम फेरीनंतर हंगाम संपतो. त्यानंतर महाविद्यालये, स्थानिक संस्था किंवा माजी विद्यार्थी त्याच यंत्रांच्या स्पर्धा भरवतात. मुख्य संस्थेचे तिथे थेट नियंत्रण नसते, म्हणून नियम कोणाचे हा प्रश्न उभा राहतो.

हंगामातले अधिकार स्पष्ट असतात. आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनची ‘रोबोकॉन’ २००२ मध्ये टोकियोत सुरू झाली. तिचा खेळ यजमान देश ठरवतो. २००८ मध्ये यजमानपद पुण्याकडे आले, तेव्हा खेळ दहीहंडीवर बेतलेला होता. २०१४ मध्ये पुण्यातच पालक-यंत्राने बाल-यंत्राला उचलून सी-सॉ आणि झोक्यापर्यंत न्यायचे होते. खेळ दरवर्षी बदलतो, त्यामुळे स्पर्धा आटोपताच ती यंत्रे प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात पडून राहतात.

अमेरिकेत डीन केमन यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या ‘फर्स्ट’ संस्थेच्या स्पर्धांभोवती हंगामानंतरच्या स्पर्धांची परंपराच तयार झाली आहे. त्या स्थानिक स्वयंसेवक भरवतात. संघ तिथे नव्या विद्यार्थ्यांच्या हाती यंत्र देतात, फसलेली रचना सुधारून पाहतात. अशा स्पर्धांचे आयोजक मूळ नियमपुस्तिका पाया मानतात आणि गरजेपुरते बदल करतात.

हीच वाट योग्य आहे. मात्र सगळे नियम एका मापाने मोजता येत नाहीत. सुरक्षेचे नियम मुख्य संस्थेचेच राहिले पाहिजेत. रोबोकॉनमध्ये प्रत्येक यंत्रावर आणीबाणीचे लाल बटण लागते. ते दाबताच यंत्र जागच्या जागी थांबते. सरावाचा सामना आहे म्हणून ते काढून टाकण्याची मुभा कोणालाही नसावी. लिथियम बॅटरीची हाताळणी आणि डोळ्यांवरचा संरक्षक चष्मा यांनाही हेच लागू आहे.

गुण, सामन्यांची संख्या, संघातले सदस्य, मैदानाचे साहित्य हे मात्र आयोजकांनी ठरवावे. जागा, पैसा आणि मनुष्यबळ त्यांचे असते. तरीही तो अधिकार एकट्याचा नसावा. आयोजक, सहभागी संघांचे मार्गदर्शक आणि यजमान संघाशी संबंध नसलेला मुख्य पंच यांची समिती असावी. यजमान संघ स्वतः खेळत असेल, तर हे अधिकच गरजेचे ठरते. बदल लेखी असावेत, नोंदणीपूर्वी जाहीर व्हावेत आणि पहिला सामना सुरू झाल्यावर त्यांत फेरफार होऊ नये. पंचाने नियमाचा अर्थ लावावा, नवा नियम करू नये.

बिदर, कलबुर्गी, लातूर, सोलापूर या पट्ट्यातल्या विद्यार्थ्यांना हंगामानंतरच्या स्पर्धांचा खरा उपयोग आहे. दूरच्या शहरात यंत्र आणि संघ घेऊन जाण्याचा खर्च अनेक संस्थांना झेपत नाही. बिदरमधल्या नौबादसारख्या ठिकाणी स्पर्धा भरली, तर मैदान प्लायवूडचे आणि लहान असेल. तेवढ्यासाठी मूळ नियमांतली मापे बदलावी लागतील आणि तो निर्णय जागा पाहिलेल्या माणसांनीच घ्यायला हवा. या भागात मराठी, कन्नड आणि उर्दू माध्यमांच्या शाळा आहेत, म्हणून नियमपुस्तिका तिन्ही भाषांत असावी. नियम समजला नाही म्हणून एकही मूल बाद होऊ नये, ही आयोजकांची जबाबदारी आहे.