विश्लेषण : धडधाकट ‘व्हल्कन’ बॉम्बर कायमचे जमिनीवर का आले?

ब्रिटनच्या ‘एव्रो व्हल्कन’ जातीच्या एक्सएच ५५८ या बॉम्बर विमानाने २८ ऑक्टोबर २०१५ रोजी अखेरचे उड्डाण केले. विमानात बिघाड नव्हता आणि एअर शोमध्ये त्याच्याइतकी गर्दी क्वचितच कुणी खेचत असे. मग ते थांबवले का?

पुन्हा उडाले कसे?

शीतयुद्धात अणुबॉम्ब वाहून नेण्यासाठी घडवलेले हे त्रिकोणी पंखांचे, चार इंजिनांचे विमान १९६० मध्ये ब्रिटिश हवाई दलात आले आणि १९९३ मध्ये खासगी मालकीचे झाले. पुढे एका ट्रस्टने लॉटरी निधी आणि लोकवर्गणीतून त्याची दुरुस्ती केली. १८ ऑक्टोबर २००७ रोजी ते पुन्हा झेपावले. मात्र खर्चाचा डोंगर कायम होता. त्यात २०१२ मध्ये ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पिशवी इंजिनात ओढली गेली आणि एकाच फटक्यात दोन इंजिने निकामी झाली. बुटांच्या खोक्यात असते ना, त्याच सिलिका जेलची! ही इंजिने आता कुठे तयार होत नाहीत; शिल्लक साठ्यातूनच भागवावे लागते.

अडले कुठे?

अशा गुंतागुंतीच्या माजी लष्करी जेटला उड्डाण परवाना हवा असेल, तर ब्रिटनमध्ये त्याच्या तांत्रिक सुरक्षेची हमी जाणकार कंपन्यांनी घ्यावी लागते. बीएई सिस्टिम्स, रोल्स-रॉइस आणि मार्शल एरोस्पेस या तिघांनी २०१५ नंतर ती देण्यास नकार दिला. या विमानाचे उड्डाणतास इतर कोणत्याही व्हल्कनपेक्षा १० टक्क्यांहून अधिक झाले होते. म्हणजे धातू किती थकला, हे पडताळायला तुलनेसाठी दुसरे विमानच नव्हते. शिवाय ते ओळखणारे अभियंते निवृत्त होत होते. सुटे भाग एक वेळ बनवून घेता येतात, चाळीस वर्षांचा अनुभव नाही.

शोरहॅम अपघाताशी संबंध?

अनेकांचा तसा समज आहे, पण निर्णय आधीच जाहीर झाला होता. २२ ऑगस्ट २०१५ रोजी शोरहॅम येथे हॉकर हंटर जेट कसरत करताना रस्त्यावर कोसळले आणि ११ जणांचा बळी गेला. (१९७१ मध्ये लोंगेवाला येथे भारतीय हवाई दलाने पाकिस्तानी रणगाडे टिपले, ते याच जातीच्या विमानांनी.) त्यानंतर जमिनीवरील प्रदर्शनांत जुन्या जेटना कसरती बंद झाल्या, फक्त सरळ उड्डाणाला मुभा राहिली.

एक्सएच ५५८ डॉनकॅस्टर विमानतळावर उभे राहिले. २०२२ मध्ये तो विमानतळही बंद पडला.