तत्त्वज्ञानात एम.ए. करायचंय? मग आधी कागद जमवा!

पदवी घेऊन दहा-पंधरा वर्षं झाली. संसार मार्गी लागला, मुलं आपापल्या शाळेत रमली. आता पुढं शिकावंसं वाटतं. आणि विषय कोणता? तर तत्त्वज्ञान! घरात नुसतं बोलून बघा. “आता कीर्तनाला उभी राहणार की काय?” असं कुणीतरी विचारतंच. मैत्रिणींनो, हसणाऱ्यांना हसू द्या. पण खरोखरच मनात असेल, तर आजच तयारीला लागा. इच्छेअभावी ज्या राहतात, त्यांच्यापेक्षा कागदपत्रांपायी राहून जाणाऱ्या जणी काही कमी नसतात.

शिकायचं असतं तरी काय?

न्याय, सांख्य, वेदान्त, बौद्ध विचार, ग्रीकांपासून कांटपर्यंतचे पाश्चात्त्य विचारवंत, नीतिशास्त्र आणि तर्कशास्त्र. नावं ऐकून दचकू नका. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ हा सतराव्या शतकातला छोटासा ग्रंथ. डोंगरावर धूर दिसतो, म्हणजे तिथं अग्नी असला पाहिजे, हे अनुमान तो पाच पायऱ्यांनी मांडतो. ‘जिथं धूर तिथं अग्नी’ याला दाखला कशाचा देतो, ठाऊक आहे? स्वयंपाकघराचा! मात्र याच्या उलट म्हणता येत नाही. लोखंड तापून लाल झालं, तरी त्यातून धूर निघत नाही. ‘आमच्या वेळी असंच होतं, म्हणून हेच बरोबर’ यातला धूर कुठला आणि अग्नी कुठला, हे पारखायला शिकवणारा हा विषय आहे. तो आपल्या कामाचा नाही, असं कोण म्हणेल?

अर्ज कुठं करायचा?

बी.ए.ला तत्त्वज्ञान नव्हतं म्हणून मागं फिरू नका. पुष्कळ ठिकाणी कोणत्याही शाखेची पदवी चालते, तुमची बी.कॉम. किंवा बी.एस्सी. असली तरी. रोज वर्गात जाणं जमणार असेल, तर पुणे आणि मुंबई विद्यापीठांत तत्त्वज्ञानाचे स्वतंत्र विभाग आहेत. प्रवेशपरीक्षा आहे का, उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते का, हे दोन प्रश्न विभागात जाऊन सरळ विचारा. दिल्ली, हैदराबाद, काशी इथल्या केंद्रीय विद्यापीठांसाठी ‘सीयूईटी-पीजी’ ही सामाईक परीक्षा आहे. ती साधारण मार्चच्या सुमारास होते, आणि अर्ज त्याआधी दोन-तीन महिने भरावे लागतात.

घर सोडता येत नसेल, तर ‘इग्नू’ म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आहे. प्रवेश जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत मिळतो. वयाची अट नाही. दोन वर्षांचा अभ्यासक्रम चार वर्षांपर्यंत सावकाश पुरा करता येतो. मधे मुलांची दहावी आली, घरात आजारपण निघालं, तरी वर्ष वाया गेलं म्हणून रडायला नको!

नावाचा घोळ

आता खरी मेख. पदवीवर माहेरचं नाव आणि आधार कार्डावर सासरचं! हल्ली प्रवेशासाठी ‘एबीसी आयडी’ मागतात, दूरशिक्षणाला ‘डीईबी आयडी’ही लागतो, आणि ही सगळी नोंद आधारशी जोडलेली असते. दोन नावांच्या दोन बायका एकच, हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. म्हणून फॉर्म सुटायच्या तीन-चार महिने आधी पुढचे कागद एका फायलीत लावा :

* विवाह नोंदणीचा दाखला. लग्नाला वीस वर्षं झाली असली, तरी नोंदणी करता येते.
* राजपत्रात नावबदल छापून घेतला असेल, तर त्याची प्रत.
* सर्व वर्षांच्या गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र. हरवलं असेल, तर दुसरी प्रत मिळायला वेळ लागतो.
* दुसऱ्या विद्यापीठाची पदवी असल्यास मायग्रेशन सर्टिफिकेट.
* शिक्षणात खंड का पडला, याचं प्रतिज्ञापत्र. ‘घरसंसार’ हे कारण लिहायला लाजू नका. ते खरं आहे.

तयारी कशी कराल?

श्रीनिवास हरी दीक्षित यांचं ‘भारतीय तत्त्वज्ञान’ गावच्या ग्रंथालयात मागून पाहा. अडलेल्या शब्दासाठी दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोश’ आहे. इग्नूचे पाठ ‘ई-ज्ञानकोश’वर फुकट वाचता येतात. प्रवेश घेण्याआधी एक महिना रोज अर्धा तास वाचा. गोडी लागते की कंटाळा येतो, ते तुमचं तुम्हालाच कळेल, आणि फीचे पैसेही वाचतील.

“याचा उपयोग काय?”

हा प्रश्न घरात येणारच, तेव्हा उत्तर प्रामाणिकपणे द्या. नोकऱ्या थोड्या आहेत. प्राध्यापक व्हायचं तर एम.ए.ला खुल्या गटात 55 टक्के गुण आणि ‘नेट’ किंवा ‘सेट’ परीक्षा हवी. प्राध्यापकपदासाठीच्या ‘नेट’ला वयाची मर्यादा नाही, मात्र संशोधनाच्या शिष्यवृत्तीला 30 वर्षांची आहे, आणि त्यात स्त्रियांना पाच वर्षांची सवलत मिळते. पस्तिशी उलटली असेल, तर शिष्यवृत्तीचा हिशेब धरूच नका.

पण प्रत्येक शिक्षणाचा हिशेब पगारातच मांडायचा का? यजमानांनी हौसेनं कॅमेरा घेतला, तेव्हा त्याचा उपयोग कुणी विचारला होता? फीचा आकडा, अभ्यासाची वेळ आणि परीक्षेच्या दिवसांत स्वयंपाक कोणी करायचा, या तीन गोष्टी मात्र आधीच सगळ्यांसमोर ठरवून घ्या. पुढची कटकट वाचेल.

आणि अर्ज भरताना ‘संपूर्ण नाव’ या रकान्यापाशी जरा थांबा. नव्या गुणपत्रिकेवर तेच छापून येणार आहे. एक-एक अक्षर तपासून भरा.