नातजावई नव्हे, स्वकर्तृत्वाचा माणूस

मुळशी तालुक्यातील पिरंगुट, भरे, घोटावडे या पट्ट्यात कारखाने उभे राहिले. आमच्या वस्त्यांतील पोरे तिथे राबतात, पण ठेकेदाराच्या हजेरीवर. कंपनीच्या सर्वोच्च खुर्चीवर आपलाही माणूस बसू शकतो, हे त्यांना कोण सांगणार? म्हणून भरेच्या या पोरांपुढे आम्ही आज डॉ. आनंद तेलतुंबडे यांचे नाव ठेवतो.

तेलतुंबडे हे बाबासाहेबांचे नातजावई. भय्यासाहेब आंबेडकरांच्या कन्या रमाताई या त्यांच्या पत्नी. समाज त्यांना बहुधा याच नात्याने ओळखतो. आमचा आक्षेप इथेच आहे. यवतमाळ जिल्ह्यातील राजूर गावी १९५० साली शेतमजुराच्या घरात जन्मलेला हा मुलगा नागपुरात यंत्र अभियंता झाला, अहमदाबादच्या आयआयएममध्ये व्यवस्थापन शिकला. भारत पेट्रोलियममध्ये कार्यकारी संचालक आणि पुढे पेट्रोनेट इंडियाचा व्यवस्थापकीय संचालक झाला. नंतर खरगपूरच्या आयआयटीत आणि गोव्यात प्राध्यापकी केली. यातली कोणती परीक्षा नात्याच्या जोरावर पास होता येते?

दुसरी गोष्टही ध्यानात घ्यावी. भारत पेट्रोलियम ही १९७६ साली राष्ट्रीयीकरण झालेली सरकारी कंपनी. गावकुसाबाहेरच्या शिकलेल्या पोराला सार्वजनिक क्षेत्राचा दरवाजा संविधानाने उघडून दिला. खासगी क्षेत्रात आजही आरक्षण नाही. केंद्र सरकारने २०१९ साली हीच कंपनी विकायला काढली. खरेदीदार मागे हटले म्हणून २०२२ मध्ये विक्री गुंडाळावी लागली. अशी एकेक कंपनी विकली गेली, तर उद्याचा तेलतुंबडे कोणत्या शिडीने वर चढणार? भरेच्या पोराने शिकायचे आणि पुन्हा ठेकेदाराच्याच दारात उभे राहायचे काय?

शिकलेल्यांनी आपल्याला धोका दिला, ही खंत बाबासाहेबांनी १९५६ च्या मार्चमध्ये आग्र्यात बोलून दाखवली होती. तेलतुंबडे त्या धोका देणाऱ्यांत नव्हेत. त्यांनी खैरलांजीवर लिहिले, महाडच्या संगरावर ग्रंथ लिहिला. चळवळीलाही कडवट प्रश्न विचारले. त्यांची सगळीच मते आम्हाला पटतात असे नाही. पण उच्चपदावर जाऊन गप्प बसणे त्यांनी नाकारले, हे निर्विवाद.

एल्गार परिषद प्रकरणात १४ एप्रिल २०२० रोजी, ऐन भीमजयंतीला, त्यांना अटक झाली. मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये जामीन दिला, सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. २६ नोव्हेंबरला, संविधान दिनी, ते तळोजा तुरुंगातून बाहेर आले. एवढे मोठे नातेही तुरुंगाच्या आड आले नाही, हे नात्याचा हेवा करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

समाजबांधवांनो, बाबासाहेबांशी रक्ताचे नाते मोजक्यांचे असते, विचाराचे नाते कुणालाही जोडता येते. पोरांना शिकवा. आणि ज्या सरकारी शिडीवरून एक पिढी वर गेली, ती विकली जात असेल तर रस्त्यावर उतरा!