चिमुकल्या वीरांची पारख

दिवाळीच्या दिवसांत अंगणातील मातीच्या किल्ल्यावर मावळे उभे असतात. तटावरील मावळ्याने एकदा तलवार उगारली, की ती दिवाळी संपेपर्यंत उगारलेलीच राहते. त्याला बसता येत नाही, मान वळवून दरीकडे पाहता येत नाही. त्याचे चालणे, लढणे, पडणे आणि पुन्हा उठणे हे सारे किल्ला करणाऱ्या मुलाच्या कल्पनेतच घडते. परंतु त्याच्या मानेला, कोपराला आणि गुडघ्याला खरोखरीच सांधे असते तर?

असे सांधे असलेली वीरांची बाहुली जगातील अनेक देशांत मुलांच्या हाती खेळते. तिला ‘ॲक्शन फिगर’ असे म्हणतात. मुले तिच्याशी खेळतात, आणि कित्येक प्रौढ माणसे तिचा काळजीपूर्वक संग्रह करतात. ती कशी घडली आहे, किती टिकेल, तिचे मोल किती, याचे परीक्षण लिहिणारे जाणकारही आहेत. एका खेळण्याची एवढी चिकित्सा कशासाठी, असे कोणासही वाटेल. त्याचे उत्तर या खेळण्याच्या इतिहासात सापडते.

ही गोष्ट अमेरिकेतील ऱ्होड आयलंड या राज्यातील पॉटकेट गावी सुरू झाली. तेथील हॅस्ब्रो या कंपनीकडे स्टॅन वेस्टन नावाच्या गृहस्थाने मुलांसाठी सैनिकाची बाहुली काढण्याची कल्पना आणली. कंपनीतील डॉन लेव्हिन यांना ती आवडली. पण सैनिकाला हालचाल कशी द्यावी हा प्रश्न होता. चित्रकार मनुष्याकृतीचा अभ्यास करण्यासाठी सांधे असलेला लहानसा लाकडी पुतळा वापरतात. तसा एक पुतळा लेव्हिन यांच्या दृष्टीस पडला आणि वाट सापडली. १९६४ साली ‘जी. आय. जो’ नावाचा बारा इंच उंचीचा सैनिक बाजारात आला. त्याच्या शरीराचे २१ भाग हलत असत, अशी त्याची जाहिरात होती. तो गुडघे टेकून बसे, हात उंचावी, मान वळवी. त्याचे गणवेश आणि इतर सामान स्वतंत्रपणे विकत मिळे.

एक अडचण मात्र उरली होती. बाहुली म्हणजे मुलींचे खेळणे, अशी त्या काळी तेथील लोकांची समजूत होती. मुलगे बाहुली घेणार नाहीत, या भीतीने कंपनीने ‘बाहुली’ हा शब्दच टाळला आणि ‘ॲक्शन फिगर’ हे नवे नाव योजिले. वस्तू बाहुलीचीच होती; नाव तेवढे बदलले, आणि मुलांनी ती आनंदाने हाती घेतली!

या पहिल्या सैनिकाच्या अंगावरील दोन खुणा प्रसिद्ध आहेत. त्याच्या उजव्या गालावर जखमेचा एक व्रण आहे. मनुष्याकृती ही सर्वांचीच. तिच्यावर कोणा एकाला हक्क सांगता येत नाही. व्रण असलेला चेहरा मात्र ओळखता येतो. दुसरी खूण अधिक गमतीची आहे. त्याच्या उजव्या हाताच्या अंगठ्याचे नख चुकून आतल्या बाजूस कोरले गेले. ही चूक दुरुस्त केली गेली नाही, कारण तिचा एक उपयोग होता. कोणी या सैनिकाची हुबेहूब नक्कल केली, तर त्या नकलेतही नख आतच येणार आणि चोरी उघडकीस येणार! जो दोष वाटत होता, तोच अस्सलपणाचा पुरावा ठरला. आजही जुना सैनिक हाती आला, की संग्राहक प्रथम त्याचा अंगठा उलटून पाहतो.

काळ बदलला, तशी बाहुलीही बदलली. प्लास्टिक खनिज तेलापासून तयार होते, आणि १९७३ नंतर तेल फार महागले. मोठी बाहुली घडविणे खर्चाचे झाले. १९७६ साली बारा इंची सैनिकाचे उत्पादन थांबले. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९७७ च्या मे महिन्यात, ‘स्टार वॉर्स’ हा अंतराळातील साहसांचा चित्रपट प्रदर्शित झाला. त्यातील पात्रांच्या बाहुल्या काढण्याचे काम सिनसिनाटी शहरातील केनर या कंपनीकडे होते. चित्रपट एवढा लोकप्रिय होईल असे कोणास वाटले नव्हते. नाताळ आला तरी बाहुल्या तयार नव्हत्या. तेव्हा कंपनीने काय करावे? तिने एक चपटे पाकीट विकले. त्यात बाहुली नव्हती. पुठ्ठ्याचे एक चित्र आणि एक प्रमाणपत्र होते. ते प्रमाणपत्र टपालाने पाठविले, म्हणजे पुढील वर्षी चार बाहुल्या घरी येणार होत्या. मुलांनी नाताळात बाहुलीऐवजी वचन स्वीकारले, आणि १९७८ साली बाहुल्या खरोखरीच घरोघरी पोहोचल्या.

या नव्या बाहुल्या पावणेचार इंच उंचीच्या होत्या. त्यांना पाचच सांधे होते : एक मानेत, दोन खांद्यांत आणि दोन कमरेशी. आकार लहान असल्यामुळे त्यांच्यासाठी विमाने आणि वाहनेही काढता आली. १९८२ साली जी. आय. जो हा सैनिकही याच लहान आकारात परत आला. परंतु त्याला कोपरे आणि गुडघेही होते. त्याच्या धडाच्या आत एक रबरी कडे बसविलेले असे. ते कडे ताणलेले राहून धड आणि पाय यांना एकत्र धरी.

येथे संग्रहाचा विचार सुरू होतो. कारखान्यातून अशा बाहुल्या मोठ्या संख्येने बाहेर पडल्या. तरीही आज त्यांतील चांगल्या स्थितीतील बाहुल्या दुर्मिळ का आहेत? कारण त्या खेळण्यासाठीच केलेल्या होत्या. मुलांनी त्यांना चिखलात लोळविले, पाण्यात बुडविले, उन्हात विसरले. चिमुकली बंदूक सोफ्याखाली गेली, टोप झाडाच्या मुळाशी राहिला. रंग झिजला, अंगठा तुटला. पुढे मुले मोठी झाली आणि उरलेल्या वस्तू अडगळीत गेल्या. संग्राहक या विखुरलेल्या वस्तू पुन्हा एकत्र आणतो. कोणत्या बाहुलीबरोबर कोणती बंदूक होती, टोपाचा रंग कोणता होता, हे तो जुनी सूचिपत्रके पाहून ठरवितो. इतिहासकार ताम्रपट आणि नाणी जुळवितो, तसेच हे काम आहे.

ज्ञान नसेल तर या छंदात फसवणूक होते. स्टार वॉर्सच्या बाहुल्यांत ‘जावा’ नावाचे एक ठेंगणे पात्र आहे. १९७८ साली प्रथम निघालेल्या जावाच्या अंगावर प्लास्टिकची झूल होती. इतरांच्या मानाने ही लहान बाहुली फारच साधी दिसते, म्हणून लवकरच तिला कापडी झूल देण्यात आली. त्यामुळे प्लास्टिकच्या झुलीचा जावा दुर्मिळ झाला आणि त्याची किंमत पुष्कळ वाढली. किंमत वाढताच लबाडीही आली. दुसऱ्या बाहुलीची झूल कापून जावाच्या अंगावर चढविणारे लोक निघाले. जाणकार मनुष्य झुलीची लांबी, कडा आणि रंगाची छटा पाहून असली-नकली ओळखतो. घाई करणारा मात्र कापलेल्या झुलीसाठी मोठी रक्कम मोजून बसतो.

आता परीक्षणाकडे वळू. नवीन बाहुली पारदर्शक आवरणाखाली पुठ्ठ्यावर चिकटविलेली असते. दुकानात ती उघडून पाहता येत नाही. पुठ्ठ्यावरील चित्र तर नेहमीच सुंदर असते! महिनोन् महिने पैसे साठवून एखादा मुलगा ती विकत घेतो. घरी आल्यावर तिचा पाय सैल निघाला, तर त्याचे पैसे आणि त्याचा उत्साह दोन्ही वाया जातात. अशा मुलासाठी परीक्षकाचा शब्द मोलाचा असतो.

चांगला परीक्षक प्रथम मोजतो आणि मग मत देतो. बाहुलीची उंची किती? सांधे किती, आणि त्यांतील प्रत्येक सांधा कोठवर वळतो? डोळ्यांचा रंग कडेबाहेर गेला आहे काय? हाताच्या मुठीत तलवार नीट बसते की गळून पडते? बाहुली आधाराशिवाय उभी राहते काय? हे शेवटचे एका क्षणात ठरवू नये. ती रात्रभर फळीवर ठेवून सकाळी पाहावी. घोट्याचा सांधा सैल असेल, तर ती पडलेली आढळते.

सांधे अधिक म्हणजे बाहुली अधिक चांगली, असेही नाही. प्रत्येक सांध्यापाशी शरीराची अखंड रेषा तुटते आणि फट दिसते. पाच सांध्यांची बाहुली पुतळ्यासारखी रेखीव दिसते व दणकटही असते. वीस सांध्यांची बाहुली हवी तशी वाकते, पण लवकर सैल पडते. ती मांडून ठेवण्यासाठी आहे की खेळण्यासाठी, हे पाहूनच न्याय करावा लागतो. परीक्षकाने आणखी एक गोष्ट उघडपणे सांगितली पाहिजे : बाहुली त्याने पैसे देऊन घेतली, की ती त्याला भेट मिळाली? भेटीची स्तुती सोपी असते. वाचकाला हे ठाऊक असले, म्हणजे स्तुतीचे वजन किती धरावे ते त्याला समजते.

संग्रह केला म्हणजे वस्तू सुरक्षित झाली, असेही नव्हे. सूर्यप्रकाशाने पांढरे प्लास्टिक पिवळे पडते. मऊ प्लास्टिकमध्ये मिसळलेली द्रव्ये कालांतराने पृष्ठभागावर येतात आणि बाहुली चिकट होते. जुन्या सैनिकाच्या पोटातील रबरी कडे वाळून तुटते, आणि कोणी हात न लावताही त्याचे पाय धडापासून सुटतात. तेव्हा संग्राहक पाठीवरील लहानसा स्क्रू उघडून नवे कडे बसवितो. काही जण बाहुली तिच्या वेष्टनातून कधीच काढीत नाहीत. तिचे मोल त्यामुळे टिकते. परंतु ज्या सांध्यांसाठी ती जन्माला आली, ते एकदाही वळत नाहीत. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. म्हणूनच हा वाद संग्राहकांत अजून मिटलेला नाही.

या इतिहासाचे एक पान भारतातही लिहिले गेले. फन्स्कूल ही कंपनी १९८७ साली स्थापन झाली. तिचा एक कारखाना गोव्यात आहे. या कंपनीने हॅस्ब्रोच्या साच्यांवरून जी. आय. जोचे सैनिक भारतात काढले. कधी त्यांचे रंग मूळ अमेरिकन सैनिकांहून अगदी निराळे असत. येथील मुलांना तो फरक ठाऊक नव्हता; त्यांच्या लेखी तोच खरा सैनिक होता. आज परदेशांतील संग्राहक हे भारतीय सैनिक त्यांच्या वेगळ्या रंगांसाठीच शोधतात. येथे ज्यांना कोणी जुने खेळणे म्हणून टाकून दिले असेल, त्यांना तेथे काचेच्या कपाटात जागा मिळते.

अमेरिकेत रॉचेस्टर येथे खेळांचे एक मोठे संग्रहालय आहे. तेथील खेळण्यांच्या मानाच्या यादीत २००४ साली जी. आय. जोचा, आणि २०१२ साली स्टार वॉर्सच्या बाहुल्यांचा समावेश झाला. पण लहानशा संग्रहासाठी मोठी इमारत लागत नाही. एक फळी आणि एक वही पुरेशी आहे. खेळणे केव्हा घेतले, कोठे घेतले, ते कोणी घडविले, त्यात गुण कोणते व दोष कोणते, हे त्या वहीत खरेपणाने लिहिलेले असले, म्हणजे झाले. वही नसलेल्या शंभर बाहुल्या पुढील पिढीला केवळ अडगळ वाटतात. वही असेल, तर तुटक्या अंगठ्याचा एकच सैनिकही आपली सारी हकीकत सांगू शकतो.