वॉर्ड 'लेडीज' पडला, पुढे काय?

21.6 आणि 3.7. मुंबई महापालिकेच्या 2002 च्या निवडणुकीतून निघालेले हे टक्केवारीचे दोन आकडे. राज्यशास्त्राच्या वर्गात फळ्यावर लिहून तासभर बोलता येईल इतका ऐवज त्यांत आहे.

2002 मध्ये जे वॉर्ड खुले होते, म्हणजे जिथे पुरुष वा महिला कुणीही उभं राहू शकत होतं, त्यांचे दोन गट करायचे. एक, आधीच्या 1997 च्या निवडणुकीत महिलांसाठी राखीव असलेले. दुसरा, 1997 लाही खुलेच असलेले. पहिल्या गटातल्या 21.6 टक्के वॉर्डांत महिला निवडून आल्या, दुसऱ्यातल्या 3.7 टक्के वॉर्डांत. ही तुलना संशोधक रिखिल भावनानी यांची. 2009 मध्ये ती 'अमेरिकन पॉलिटिकल सायन्स रिव्ह्यू' या नियतकालिकात आली. भागाकार केला तर गुणोत्तर सहाच्या जवळ जातं. त्यांनी सारांशात 'सुमारे पाचपट' असं हात राखून लिहिलं आहे.

पण या आकड्यांवर विश्वास का ठेवायचा? महिलांना अनुकूल असलेलेच वॉर्ड राखीव झाले असतील, अशी शंका कुणीही घेईल. तिचं उत्तर सोडतीत आहे. कोणता वॉर्ड महिलांसाठी जाणार हे मतदारांचा कल किंवा नेत्याची मर्जी पाहून ठरत नाही, चिठ्ठीवर ठरतं. इच्छुक कपाळावर हात मारून "वॉर्ड लेडीज पडला" म्हणतात, तेव्हा संशोधकाला फुकटात प्रयोगशाळा मिळालेली असते. औषधाच्या चाचणीत कुणाला खरी गोळी आणि कुणाला नुसती साखर द्यायची हे चिठ्ठीने ठरवतात, तसंच हे. निवडणुकीच्या अभ्यासात असा योग क्वचित येतो. त्यात 1997 आणि 2002 या दोन निवडणुकांतल्या वॉर्डांची सांगड घालता येत होती, हेही जमून आलं.

फरक पडला कशाने? भावनानी दोन कारणं देतात. आरक्षणामुळे जिंकण्याची कुवत असलेल्या महिला राजकारणात येतात आणि आरक्षण उठल्यावरही त्यातल्या काही टिकतात. शिवाय बाई निवडून येऊ शकते, हे पक्षांना कळतं. मला दुसरं कारण जास्त बोलकं वाटतं. तिकीटवाटपाच्या बैठकीत 'निवडून येण्याची क्षमता' हा शब्द महिलांची नावं कापायला सर्रास वापरला जातो, आणि इथे तोच निकष त्यांच्या बाजूने फिरला.

आता तोच आकडा उलट्या बाजूने वाचा. राखीव असताना या वॉर्डांत 100 टक्के महिला होत्या. आरक्षण सरकताच 78.4 टक्के वॉर्डांत पुरुष आले. म्हणजे पाच वर्षांत लावलेल्या रोपांपैकी जेमतेम पाचातलं एक तगलं. 'पाचपट' हा शब्द ऐकून हुरळून जाणाऱ्यांनी आणि 'आरक्षणाने काय होतं' म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही ही दोन्ही वाचनं शेजारी ठेवावीत. माझ्या मते यात मोठा दोष दर निवडणुकीला राखीव वॉर्ड बदलणाऱ्या फिरत्या पद्धतीचा आहे. नगरसेविका वॉर्ड बांधते, नळाच्या आणि गटाराच्या तक्रारी सोडवते, लोक तिला नावाने ओळखू लागतात, तोवर पुढची सोडत निघते. खुल्या झालेल्या वॉर्डावर आधीपासून डोळा ठेवून बसलेले परत येतात.

हा जुना हिशेब आज पुन्हा काढण्याचं कारण 106 वी घटनादुरुस्ती. सप्टेंबर 2023 मध्ये लोकसभेत 454 विरुद्ध 2 अशा मतांनी ती मंजूर झाली. लोकसभा आणि विधानसभांत महिलांना एक तृतीयांश जागा, मुदत 15 वर्षं. ती मुदत संसदेला वाढवता येते. राखीव जागा इथेही फिरणार आहेत, पण प्रत्येक निवडणुकीला नव्हे. प्रत्येक मतदारसंघ पुनर्रचनेनंतर. त्यामुळे एखादीला एकाच मतदारसंघात सलग दोन-तीन निवडणुका मिळू शकतील, जे मुंबईच्या त्या नगरसेविकांच्या वाट्याला आलं नाही. त्या टिकतील का, हे मात्र जागा खुली झाल्यावरच मोजता येईल.

तोवर तुलनेसाठी एक आकडा हाताशी आहे. महिला आरक्षणाविना झालेल्या 2024 च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत 288 पैकी 21 महिला निवडून आल्या. म्हणजे 7.3 टक्के.