नेम स्थिर होण्याची वाट पाहू नका

मे 2023, शांघाय. तिरंदाजी विश्वचषकाच्या एका टप्प्यात कंपाउंड प्रकाराचा अंतिम सामना. एकीकडे नेदरलँड्सचा अव्वल तिरंदाज माइक श्लोसर, दुसरीकडे बुलढाण्याचा 19 वर्षांचा प्रथमेश जवकार. प्रत्येकी 15 बाण, कमाल गुण 150. प्रथमेशने हा सामना 149-148 असा जिंकला.

लक्ष्य 50 मीटरवर, दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास जेमतेम 8 सेंटीमीटर आणि एका बाणाला 20 सेकंद. इथे नऊ गुणही महागात पडतात. त्यामुळे चुकण्याची भीती मनात न राहता थेट बोटांत उतरते. तिरंदाज तिला ‘टार्गेट पॅनिक’ म्हणतात. नेम लक्ष्याच्या पिवळ्या केंद्रावर येताच बोट आपोआप बाण सोडणाऱ्या उपकरणाचा ट्रिगर दाबतं, नाहीतर नेम खालीच अडकतो, काही केल्या वर सरकत नाही.

कंपाउंड धनुष्याला चाकं असतात. दोरी पूर्ण ओढली की हातावरचा भार बराच कमी होतो, त्यामुळे तिरंदाज थांबू शकतो. नेम स्थिर होईपर्यंत थांबण्याचा मोह पडतो तो तिथेच. जिवंत हातातला नेम कधीच पूर्ण स्थिर होत नाही, थोडा तरंगतोच. तो थांबण्याची वाट पाहिली, तर स्नायू थकून थरथर वाढते. मग एकतर ते तरंगणं मान्य करून बाण सोडायचा, नाहीतर धनुष्य खाली घेऊन पुन्हा ओढायचं. घात करतो तो अर्धवट मनाने सोडलेला बाण.

दडपणाखाली सरावलेला हात का बिघडतो? सततच्या सरावाने कौशल्य अंगवळणी पडतं. भीती वाटली की मन त्याच्या एकेका पायरीवर पहारा देऊ लागतं आणि लय तुटते. मानसशास्त्रज्ञ सायन बायलॉक आणि थॉमस कार यांनी 2001 मध्ये गोल्फचा चेंडू खळग्यात ढकलण्याच्या प्रयोगात हे तपासलं. कॅमेऱ्यासमोर शिकलेले लोक पुढे दडपणात कोसळले नाहीत. पाहिलं जाण्याची सवय त्यांना सरावातच झाली होती.

टार्गेट पॅनिकवरचा उपायही त्याच वळणाचा आहे. लक्ष्याचा कागद काढून टाकायचा, अगदी जवळून, कधी डोळे मिटून बाण सोडायचे. गुणच नसल्यामुळे लक्ष दोरी ओढणाऱ्या पाठीच्या स्नायूंवर राहतं. मग अंतर, कागद, घड्याळ आणि प्रेक्षक टप्प्याटप्प्याने परत आणायचे.

एका बाणाचं दडपण प्रथमेशच्या वाट्याला पुन्हा आलं. सप्टेंबर 2023 मध्ये मेक्सिकोत विश्वचषकाच्या महाअंतिम लढतीत प्रथमेश आणि डेन्मार्कचा मॅथियस फुलर्टन 148-148 असे बरोबरीत राहिले. निर्णायक बाणावर दोघांनीही दहा गुण घेतले. फुलर्टनचा बाण केंद्राच्या जवळ होता, म्हणून सुवर्ण त्याला मिळालं. महिन्याभरात हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत प्रथमेश, ओजस देवतळे आणि अभिषेक वर्मा यांनी दक्षिण कोरियाला 235-230 असं हरवून सांघिक सुवर्ण जिंकलं.

पोलीस भरतीची किंवा एमपीएससीची तयारी करणाऱ्यांनी यातून एवढं घ्यावं: परीक्षेतलं दडपण आधीच सरावात आणा. घड्याळ लावून पेपर सोडवा, चार जणांसमोर मुलाखत द्या, मैदानावर कुणाला तरी वेळ मोजायला उभं करा. भीती येईलच, त्या दिवशी ती ओळखीची असली म्हणजे पुरे.