मशेरी म्हणजे दंतमंजन नव्हे

तवा तापतो, त्यावर तंबाखूची पाने काळी होईपर्यंत भाजली जातात, घरभर ठसका उठतो आणि पोरे खोकत बाहेर पळतात. मग ती पाने चुरून, बारीक करून डबीत भरली जातात. ही मशेरी. कुणी तिला मिसरी म्हणते. वस्तीतल्या किती घरांत ही डबी आजही फडताळात आहे, ते आपले आपणच पाहावे.

बिडी ओढणाऱ्या बापाला घरातले सारे बोलतात. गुटखा खाणाऱ्या मुलाला आई रागावते. पण रोज सकाळी बोटावर मशेरी घेऊन बसणाऱ्या आईला कुणी काही म्हणत नाही, कारण मशेरी हे व्यसन आहे असे आपण मानतच नाही. ‘दात घासते’ एवढेच म्हणतो. दात घासायला दोन मिनिटे पुरतात. मशेरी अर्धा अर्धा तास तोंडात का राहते? दिवसातून चार वेळा का लागते? कारण ती तंबाखू आहे. भाजल्याने तिचे विष जळत नाही. हिरडीतून निकोटिन थेट रक्तात उतरते आणि मेंदूला त्याची सवय लागते.

कष्टकरी बाईला ही सवय कशी लागते, तेही समजून घेतले पाहिजे. उपाशीपोटी कामाला निघताना मशेरीने भूक मरते, दुखरा दात बधिर होतो. सासू लावते म्हणून सून लावते. पण जी भूक मारली जाते ती बाळाचीही असते.

मुंबईत घरोघर जाऊन १२१७ गरोदर बायांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. तंबाखू वापरणाऱ्या बायांमध्ये बहुतेक जणी मशेरी लावणाऱ्याच होत्या. त्यांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली आणि दिवस पूर्ण होण्याआधी जन्मण्याचे प्रमाणही त्यांच्यात जास्त आढळले. आधीच अशक्त आईच्या बाळाला शंभर ग्रॅम म्हणजे थोडे नव्हे. त्याशिवाय तोंडाच्या कर्करोगाचा धोका आहे तो वेगळाच.

महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. २०१६ पासून तंबाखूच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्याच्या चित्राने व्यापला. पण सुटी पाने आणून घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीवर चित्र कोण छापणार? तो इशारा आपणच एकमेकींना दिला पाहिजे.

मशेरी सोडताना पहिला आठवडा कठीण जातो. डोके दुखते, चिडचिड होते, पोट साफ होत नाही. बाया म्हणतात, ‘बघा, मशेरीशिवाय मला जमतच नाही.’ हा त्रास मशेरी सुटत असल्याचा आहे. दोन-चार आठवड्यांत तो ओसरतो. तोवर सकाळी उठल्यावर कोमट पाणी प्यावे, साध्या मंजनाने दात घासावेत, तलफ आली की बडीशेप चघळावी, उपाशीपोटी घराबाहेर पडू नये. त्या दिवसांत घरातल्यांनी टोमणे मारू नयेत. नवऱ्यानेही आपली तंबाखूची पुडी त्याच दिवशी टाकावी, म्हणजे तिला बळ येईल. १८००-११-२३५६ या क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी मोफत सल्ला मिळतो. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर दुखत नाही म्हणून थांबू नये. सरकारी दवाखान्यात दाखवावे.

घरात सून किंवा लेक गरोदर असेल, तर आजच ती डबी रिकामी करा. सासूबाईंनी पहिली आपली डबी टाकावी. सून ती गोष्ट न सांगता शिकेल.